दोन्ही चेक बरोबर, तरी आर्म बोर्डवर चावी बाहेर येतेय आणि लॅपटॉपवर एकदाही नाही

अंबड_बोर्डवाला
रविवार, रात्री ११:४०

मंडळी नमस्कार. नऊ दिवस झाले एकाच गोष्टीवर अडकलोय, आता तुम्हीच काहीतरी सांगा. मी अंबड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत डिव्हाइस ड्रायव्हरचा कोड लिहायचं काम करतो. पिंपळगाव-ओझर साइडला द्राक्षाची कोल्ड स्टोरेज आहेत ना, तिथं तापमानाची नोंद ठेवणारा गेटवे आम्ही बनवतो, आणि प्रत्येक नोंदीवर डिजिटल सही होते म्हणजे माल बाहेर गेल्यावर कुणी आकडे बदलले तर लगेच कळतं. ही सही करायची चावी आमच्या स्वतःच्या कर्नल ड्रायव्हरमध्ये असते. चावी बाहेर गेली की सहीला काही अर्थच उरत नाही, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

काम असं चालतं. रूटचा (सगळे हक्क असलेल्या युजरचा) डेमन, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, सुरू होतो, ड्रायव्हरमध्ये एक सेशन उघडतो, त्यात चावी भरतो, एकदा परत वाचून नीट भरली का ते बघतो. मग सेशनला सील लावतो आणि सेशनची मालकी युआयडी (युजरचा नंबर) १००० ला देतो, म्हणजे आमच्या साध्या अ‍ॅपला. अ‍ॅपनं फक्त सही करून घ्यायची, चावी वाचायची नाही. मालकी देताना कोड असा:

सेशन→सील = १
सेशन→मालक = १०००

आणि चावी वाचायच्या आयओक्टलमध्ये (अ‍ॅपनं ड्रायव्हरकडं काम मागायच्या कॉलमध्ये) चेक असा:

जर सेशन→मालक हा मागणारा नसेल, तर परवानगी नाही
जर सेशन→सील १ असेल, तर परवानगी नाही
नाहीतर चावी कॉपी करून दे

मी कागदावर सगळ्या अवस्था मांडून बघितल्या. आधी मालक रूट आणि सील ०, तेव्हा अ‍ॅप पहिल्याच चेकला अडतं. मध्ये सील १ पण मालक अजून रूट, तेव्हा तर दोन्हीकडे अडतं. शेवटी मालक १००० आणि सील १, तेव्हा दुसऱ्या चेकला अडतं. चौथी अवस्था नाहीच. तरीसुद्धा टेस्ट लावली, एक थ्रेड सेशन देत राहतो आणि तीन थ्रेड युआयडी १००० म्हणून चावी मागत राहतात, तर चार कोअरच्या, आर्मच्या ए७२ प्रोसेसरवाल्या बोर्डवर चाळीस मिनिटांत तीन वेळा चावी मिळाली!! तोच कोड माझ्या इंटेलच्या लॅपटॉपवर पूर्ण रात्र चालवला, शून्य.

ऑफिसात म्हणतात रॅम खराब असेल, बोर्ड बदल. मेमटेस्टर रात्रभर चालवला, काही नाही, बोर्डही बदलला, दुसऱ्यावरही तेच. मध्ये एक प्रिंटके (कर्नलच्या लॉगमध्ये छापणारी ओळ) टाकला तर प्रॉब्लेम गायब, काढला की परत हजर. काय बघू?

---

सातपूर_नाइटशिफ्ट
सोमवार, सकाळी ७:१५

प्रिंटके टाकल्यावर जातोय म्हणजे कंपायलरनं काहीतरी इकडचं तिकडं केलंय बघ. दोन्ही फील्डना व्होलाटाइल (दरवेळी मेमरीतूनच वाच असं कंपायलरला सांगणारा शब्द) लाव आणि परत चालव. आमच्याकडं मायक्रोकंट्रोलरवर असंच व्हायचं, इंटरप्टमध्ये फ्लॅग बदलायचा आणि मेन लूपला दिसायचाच नाही, व्होलाटाइल लावलं की सुरळीत.

---

गोदाकाठची
सोमवार, सकाळी १०:०५

नाइटशिफ्ट दादा, एका कोअरच्या कंट्रोलरवर तुमचं बरोबर आहे, पण इथं चार कोअर आहेत आणि व्होलाटाइल फक्त कंपायलरला बांधतं, प्रोसेसरला नाही. कर्नलमध्ये तसंही फील्डला व्होलाटाइल लावत नाहीत, जिथं वाचतो-लिहितो तिथं रीड-वन्स आणि राइट-वन्स वापरतात. ते तर लावायचंच, पण तेवढ्यानं भागणार नाही.

अंबड भाऊ, तुझा कागद चुकलेला नाहीये. तू मेमरीत काय काय अवस्था होऊ शकतात ते मांडलंस आणि लिखाणं तुझ्या क्रमानं गेली असं धरलं तर ते सगळं बरोबर आहे (आर्मवर त्या क्रमाचीही हमी नाही, म्हणून देणाऱ्यालाही बांधावं लागतं). पण वाचणारा कोअर सगळी मेमरी एका क्षणात बघत नाही, तो दोन वेगळ्या वेळी दोन वेगळ्या जागा वाचतो, आणि आर्मवर त्या दोन वाचनांचा क्रम तू कोडमध्ये लिहिलाय तोच राहील अशी हमी नाही. सील आधी वाचलं, ० मिळालं. मग तिकडं डेमननं सील १ केलं, मालक १००० केला. मग इकडं मालक वाचला, १००० मिळाला. मालक नवा आणि सील जुनं. तुझ्या कागदावरची चौथी अवस्था ती हीच, मेमरीत ती कधी नव्हतीच, फक्त या एका वाचणाऱ्याच्या नजरेत तयार झाली.

आपल्या नाशिकचंच बघ ना. गंगापूर धरणातून पाणी सोडायचं असलं की आधी काठावर सूचना जाते, मग दरवाजे उघडतात. आता रामकुंडावरचा एक दुकानदार आहे. त्यानं आधी पाणी बघितलं, वाढलेलं दिसलं आणि मग मोबाइल उघडला तर सूचना त्याला मिळणारच, कारण ती पाण्याच्या आधी निघालेली. पण त्यानं सकाळी आठला मोबाइल बघून ठेवला, सूचना नाही, आणि अकराला पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलेलं बघितलं, आणि म्हणाला सूचना तर नव्हती मग हे धरणाचं पाणी नाहीच. दोन्ही गोष्टी त्यानं खऱ्याच बघितल्या, फक्त उलट्या क्रमानं बघितल्या. तुझं सील म्हणजे सूचना आणि मालक म्हणजे पाणी. देणाऱ्यानं आधी सूचना मग पाणी, आणि बघणाऱ्यानं आधी पाणी मग सूचना, हे दोन्ही पाळलं गेलं तरच हिशोब जुळतो.

आता तू म्हणशील मध्ये इफ आहे, पहिला चेक पास झाल्याशिवाय दुसरं वाचन होईलच कसं. इथंच सगळे फसतात, मीही पहिल्या वर्षी फसले होते. प्रोसेसर इफचा निकाल येईपर्यंत थांबत नाही, अंदाज बांधून पुढचं वाचन करून टाकतो, आणि अंदाज बरोबर निघाला की ते आधीच वाचलेलं मूल्य तसंच वापरतो. आर्मच्या नियमात इफमुळे वाचनानंतरचं लिखाण क्रमात राहतं, वाचनानंतरचं वाचन नाही. इंटेलसुद्धा आतमध्ये आधी वाचतो बरं का, पण मधल्या काळात ती कॅशलाइन (कोअरजवळ ठेवलेला मेमरीचा तुकडा) दुसऱ्या कोअरनं बदलली तर केलेलं काम फेकून परत वाचतो, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला क्रम शाबूत दिसतो. म्हणून तुझा लॅपटॉप शांत आहे.

एक विचारते, स्ट्रक्चरमध्ये मालक आणि सील जवळजवळ आहेत का मध्ये काही आहे?

---

अंबड_बोर्डवाला
सोमवार, दुपारी १:३०

ताई, जेवता जेवता बघितलं. मध्ये सेशनच्या नावाचा १२८ बाइटचा बफर आहे!

---

गोदाकाठची
सोमवार, दुपारी २:१०

मग तर चित्रच स्पष्ट झालं. ए७२ ची कॅशलाइन ६४ बाइटची, म्हणजे दोघं वेगवेगळ्या लाइनमध्ये. मालकाची लाइन दुसऱ्या कोअरकडून यायला वेळ लागतोय आणि सीलची आधीपासून जवळ पडलेली, तर सीलचं वाचन पुढं उरकून घेतलं जातं. पण म्हणून बफर हलवून दोघांना शेजारी बसवलं आणि टेस्ट पास झाली म्हणून खूश होऊ नकोस, ते फक्त झाकलं जाईल. प्रिंटकेनंही तेच केलं, वेळ बदलली.

करायचं असं:

देणारा: सील = १, मग एसएमपी_डब्ल्यूएमबी (राइट बॅरियर, लिखाणाचा क्रम बांधणारी आडकाठी), मग मालक = १०००
वाचणारा: मालक वाच, तपास, मग एसएमपी_आरएमबी (रीड बॅरियर, वाचनाचा क्रम बांधणारी), मग सील वाच, तपास

किंवा मालक लिहिताना स्टोअर-रिलीज (आधीचं सगळं याच्या आधीच दिसेल असं लिखाण) आणि वाचताना लोड-अ‍ॅक्वायर (पुढचं सगळं याच्या नंतरच होईल असं वाचन), मला स्वतःला हे जास्त आवडतं कारण कुठल्या फील्डवर क्रम टांगलाय ते कोडमध्येच दिसतं. एका बाजूला लावून दुसरी सोडली तर लावल्याचा काही उपयोग नाही. बॅरियर जोडीनंच येतात.

---

सिन्नर_स्विच
सोमवार, दुपारी ३:४५

दोन्ही फील्ड अ‍ॅटॉमिक केली तर? मग बॅरियरची भानगडच नको.

---

गोदाकाठची
सोमवार, दुपारी ४:००

नाही रे, कर्नलचं अ‍ॅटॉमिक-रीड आणि अ‍ॅटॉमिक-सेट क्रमाची काहीच हमी देत नाही. प्रत्येक मूल्य अर्धवट दिसणार नाही एवढंच. मूल्य अखंड असणं वेगळं आणि दोन मूल्यांमधला क्रम वेगळा. हां, दोन्ही गोष्टी एकाच ६४ बिटच्या शब्दात कोंबल्या आणि एकाच वाचनात घेतल्या तर मात्र प्रश्न मिटतो, कारण मग क्रम लागायला दोन वाचनं उरतच नाहीत.

---

देवळालीकर
सोमवार, रात्री ९:२०

उशिरा आलो पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण अंबड भाऊनं जो सापळा रचलाय अगदी तोच खुद्द लिनक्स कर्नलमध्ये होता, तोही सगळ्यात नाजूक ठिकाणी, पीट्रेसच्या परवानगीत.

पीट्रेस म्हणजे एका प्रोसेसनं दुसरीला चिकटून तिची मेमरी वाचायची, डीबगर वापरतो ते. परवानगी देताना कर्नल दोन गोष्टी बघतो. मागणाऱ्याचे युआयडी-जीआयडी (युजर आणि ग्रुपचे नंबर) समोरच्याशी जुळतात का, आणि समोरची प्रोसेस डम्पेबल आहे का, म्हणजे तिची मेमरी इतरांना बघू द्यायची मुभा आहे का. दुसरी अट कशाला? समज एक डेमन रूट म्हणून उठला, त्यानं पासवर्डांची फाइल वाचली, मग सेटआरईएसयुआयडी (युआयडी बदलायचा कॉल) करून युआयडी १००० झाला. आता युआयडीनं तर तो १००० चाच आहे, पण पोटात रूटच्या काळातली गुपितं आहेत. १००० चा दुसरा कुठलाही प्रोग्राम त्याला चिकटून ती वाचू शकला तर रूटपणा सोडून काय मिळवलं? म्हणून युआयडी बदलताना कर्नल त्याला डम्पेबल नाही असं करतो, आणि मग परक्यांना चिकटता येत नाही.

म्हणजे बघा, डम्पेबल हे अंबड भाऊचं सील आणि क्रेडेन्शियल (प्रोसेसच्या युआयडी-जीआयडीची नोंद) म्हणजे त्याचा मालक. ही नोंद बदलणाऱ्या कमिट_क्रेड्स फंक्शनमध्ये आधी डम्पेबल काढतात, मग राइट बॅरियर, मग नवे क्रेडेन्शियल जाहीर होतात. आणि पीट्रेसच्या चेकमध्ये आधी क्रेडेन्शियल, मग रीड बॅरियर, मग डम्पेबल. अगदी ताईंनी वर लिहिलं तसं.

आता गंमत नाही, गंभीर गोष्ट. २०१६ मध्ये या भागात यूजर नेमस्पेसचं एक दुसरंच भोक बुजवणारा बदल झाला, म्हणजे चांगल्याच हेतूनं, आणि त्यात हा रीड बॅरियर निघून गेला. राइट बॅरियर तिकडं एकटाच पहारा देत उभा राहिला. कुठला टेस्ट तुटला नाही, एक्स८६ वर, म्हणजे इंटेलसारख्या प्रोसेसरवर, तर काही फरक पडलेला दिसणारच नाही कारण तिथं हा बॅरियर म्हणजे फक्त कंपायलरला दिलेली सूचना असते, मशीनची इन्स्ट्रक्शनच निघत नाही. २०१९ मध्ये गूगल प्रोजेक्ट झिरोच्या यान हॉर्न यांनी तो परत घातला, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की त्यांनी दोन्ही बाजूंना कॉमेंट लिहिली, हा बॅरियर का आहे आणि याचा जोडीदार कुठल्या फंक्शनमध्ये बसलाय. आधी तिथं ते कारण लिहिलेलंच नव्हतं. ज्या ओळीचं कारण लिहिलेलं नाही ती ओळ साफसफाईत जाते, यात काढणाऱ्याला तरी काय दोष द्यायचा.

आणि एक बारीक गोष्ट, ज्यांना आरसीयू (कुलपाशिवाय वाचायची कर्नलची पद्धत) माहीत आहे त्यांच्यासाठी. क्रेडेन्शियल आरसीयूच्या पॉइंटरनं वाचतात, तर कुणी म्हणेल आरसीयू-डीरेफरन्स क्रम सांभाळतोच की. सांभाळतो, पण फक्त त्या पॉइंटरमधून पुढं जे वाचाल त्याचा. डम्पेबल राहतो एमएम स्ट्रक्चरच्या फ्लॅगमध्ये, तिथं पोचायचा रस्ताच वेगळा, क्रेड पॉइंटरशी त्याचा संबंध नाही. आणि आरसीयू-रीड-अनलॉक म्हणजे बॅरियर नव्हे. मग लॉक? पीट्रेस चिकटताना टास्क-लॉक घेतलेला असतो, क्रेड-गार्ड म्युटेक्ससुद्धा, पण सेटआरईएसयुआयडीच्या बाजूनं यातला एकही घेतला जात नाही. एकानंच घेतलेलं कुलूप म्हणजे अर्ध्याच दाराला कडी. म्हणून त्या एका बॅरियरवर सगळं होतं.

---

अंबड_बोर्डवाला
मंगळवार, रात्री १०:५०

ताई, देवळालीकर सर, काय बोलू, सर तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. काल रात्रीच रिलीज-अ‍ॅक्वायर लावलं, दोन्हीकडं कॉमेंट लिहिल्या, बफरपण आहे तिथंच ठेवला. डिसअसेंब्ली (तयार झालेल्या मशीनच्या इन्स्ट्रक्शन) काढून बघितली तर मालकाच्या वाचनाला आता साध्या एलडीआरच्या जागी एलडीएआर आलंय आणि लिखाणाला एसटीएलआर. डोळ्यानं दिसल्यावर बरं वाटलं.

पण पूर्ण मिटलं नाही. आधी चाळीस मिनिटांत तीन होत होते, आता बावीस तासांत एक. एकच, पण झालाय. चावी पूर्ण आली, अर्धवट नाही, आणि मी मिळालेली चावी लॉगमध्ये छापतो ती आत्ता भरलेल्या सेशनची होती. बॅरियर चुकीच्या जागी लागलाय का?

---

पंचवटी_काका
बुधवार, सकाळी ६:३०

मुला, तुझी टेस्ट बावीस तासांत किती वेळा सेशन देते? लाखो वेळा देत असणार. मग तेवढे सेशन आणतोस कुठून?

---

अंबड_बोर्डवाला
बुधवार, सकाळी ९:१०

काका, स्लॉट (सेशन ठेवायची ठरावीक जागा) परत वापरतो. सेशन बंद झालं की मालक परत रूट, चावी पुसायची, सील ०, आणि पुढच्या वेळी तोच स्लॉट. बोर्डच्या बिल्डमध्ये स्लॉट १६ आहेत, लॅपटॉपच्या बिल्डमध्ये ४०९६ ठेवले होते.

लिहिता लिहिता मलाच काहीतरी खटकतंय, पण नीट पकडता येत नाहीये.

---

पंचवटी_काका
बुधवार, सकाळी ९:५५

पकडलंस, फक्त शेपूट हाती आलंय अजून. हळूहळू मांडू.

अ‍ॅपच्या थ्रेडनं पाच नंबरच्या स्लॉटचा मालक वाचला, १००० मिळाला. खरा आहे, सेशन त्याचंच आहे. पहिला चेक पास. नेमकं तेव्हाच शेड्युलरनं त्या थ्रेडला बाजूला बसवलं. तो बसलाय तोवर सेशन बंद झालं, मालक रूट झाला, सील ० झालं, डेमननं त्याच पाच नंबरात नवीन चावी भरली. आता थ्रेड उठला, बॅरियर ओलांडला, सील वाचलं. ०. आत्ताचं ताजं ० आहे ते, अगदी खरं, पण ते पुढच्या सेशनचं! पास. आणि रूटची कोरी करकरीत चावी अ‍ॅपच्या हातात.

इथं क्रम उलटलेलाच नाही. मालक आधी वाचला, सील नंतर वाचलं, जसं हवं तसंच. त्यामुळं जगातला कुठलाही बॅरियर इथं कामाचा नाही. बॅरियरवाला हिशोब चालतो तो एकाच गृहीतकावर, की गोष्ट एकाच दिशेनं जाते, सील एकदा लागलं की परत निघत नाही. तुझ्याकडं सील परत निघतं. वर मुलीनं धरणाचं सांगितलं ते छान सांगितलं, पण त्यातसुद्धा सूचना एकदा आली की पुसली जात नाही असं धरलेलंच आहे.

आणि अजून एक जागा उघडी आहे, ती बहुतेक तुझ्या टेस्टला अजून सापडली नाही. दोन्ही चेक झाल्यानंतर आणि चावी कॉपी होण्याच्या आधीही हीच अदलाबदल होऊ शकते. तपासलं एक आणि दिलं दुसरंच.

हा प्रकार आर्मचा नाही. तुझ्या लॅपटॉपवर ४०९६ स्लॉट होते म्हणून पाच नंबर परत यायला वेळ लागत होता. तिथं १६ कर आणि बघ.

उपाय म्हणशील तर कुलूप. तपासणं आणि कॉपी करणं दोन्ही एकाच कुलपाच्या आत, आणि तेच कुलूप देणारा, बंद करणारा, चावी भरणारा सगळ्यांनी घ्यायचं. चावी वाचायचा आयओक्टल काही सेकंदाला लाख वेळा चालत नाही, तिथं बॅरियरची कसरत करून वाचवायचं तरी काय आहे?

---

गोदाकाठची
बुधवार, सकाळी ११:२०

काका अगदी बरोबर, आणि मी स्लॉटचं विचारायलाच हवं होतं. स्ट्रक्चर विचारलं पण आयुष्य विचारलं नाही. टेस्टमध्ये हँडओव्हर परत परत होतोय हे पहिल्या पोस्टमध्येच दिसत होतं.

अंबड भाऊ, कुलूप लावताना एक काळजी घे. आयओक्टल प्रोसेसच्या कामातच चालतो, झोपला तरी चालतं, तर म्युटेक्स (वाट बघताना झोपू देणारं कुलूप) घे आणि युजरकडं कॉपी करणं म्युटेक्सच्या आत राहिलं तरी हरकत नाही. पण हेच सेशन इंटरप्ट हँडलरमधून हाताळत असशील तर स्पिनलॉक (न झोपता वाट बघणारं कुलूप) लागेल, आणि स्पिनलॉक धरून कॉपी-टू-युजर करायचं नाही, पेज फॉल्ट आला की झोपावं लागतं. तिथं मग कुलपाच्या आत चावी स्टॅकवरच्या बफरमध्ये घ्यायची, कुलूप सोडायचं, मग युजरकडं द्यायची, आणि स्टॅकवरची प्रत मेमझिरो-एक्सप्लिसिटनं पुसायची. साधा मेमसेट टाकलास तर कंपायलर म्हणतो याचा पुढं उपयोग नाही आणि ती ओळच उडवतो.

कुलूप घेतल्यावर रिलीज-अ‍ॅक्वायर वेगळं लागणार नाही, लॉक-अनलॉकमध्येच तो क्रम आलाय. काढताना मात्र विचार कर की कुलपाबाहेरून ही फील्ड अजून कुणी वाचतंय का.

---

देवळालीकर
बुधवार, दुपारी १२:४०

काकांना दंडवत. एवढंच जोडतो की पुढच्या वेळी नऊ दिवस घालवायच्या आधी दोन हत्यारं हाताशी ठेव.

एक केसीसॅन. ५.८ पासून कर्नलमध्ये आहे, २०२० पासून. दोन कोअर एकच जागा कुलपाशिवाय, रीड-वन्स वगैरेशिवाय हाताळताना दिसले की सरळ लॉगमध्ये दोन्हीकडचा स्टॅक छापतो. तुझा मूळचा कोड लॅपटॉपवर केसीसॅन लावून चालवला असतास तर क्रम उलटायची वाटच बघावी लागली नसती, इंटेलवरही तो ओरडला असता.

दुसरं, कर्नलच्या सोर्समध्ये टूल्सखाली मेमरी-मॉडेल फोल्डर आहे, २०१८ ला ४.१७ मध्ये आलं. त्यात दहा ओळींचा छोटा प्रोग्राम लिहायचा, देणारा एक, वाचणारा एक, आणि शेवटी विचारायचं की मालक नवा आणि सील जुनं असं दिसू शकतं का. हर्ड७ नावाचं टूल सगळे क्रम तपासून सांगतं, समटाइम्स किंवा नेव्हर. हे कुठल्याही लॅपटॉपवर चालतं कारण ते प्रोसेसर चालवून बघत नाही, नियम तपासतं. क्यूईएमयूवर (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) आर्म चालवून बघितलं आणि पास झालं, असं पुष्कळ लोक सांगतात, पण खाली होस्ट इंटेलच असला तर आर्मचा ढिला क्रम तिथं दिसायची आशा धरू नये.

---

सातपूर_नाइटशिफ्ट
बुधवार, संध्याकाळी ७:००

मी पहिलाच चुकीचा सल्ला देऊन बसलो पण फार शिकायला मिळालं. आमच्या एका मशीनच्या गेटवेमध्ये पण असाच फ्लॅग-आणि-मालक प्रकार आहे आणि तो बोर्डही नुकताच सिंगल कोअरवरून क्वाड कोअरवर गेलाय. आज रात्री तो कोड उघडतो.

---

अंबड_बोर्डवाला
शुक्रवार, रात्री ११:१५

मंडळी, अपडेट देतो.

काका, लॅपटॉपवर स्लॉट १६ केले आणि फक्त रिलीज-अ‍ॅक्वायरवाला कोड चालवला. सहा तासांत एकदा चावी आली, इंटेलवर! मग मी मुद्दाम दोन चेकच्या मध्ये थोडा उशीर घातला, तर दहा मिनिटांत अकरा. म्हणजे तुम्ही सांगितलं तेच, नेमकं तेच. तुम्ही म्हणालात ती दुसरी जागा पण तपासली, चेक झाल्यावर आणि कॉपीच्या आधी उशीर घातला, तिथूनही येते. ती माझ्या टेस्टला खरंच कधी सापडली नव्हती.

आता प्रत्येक सेशनला एक म्युटेक्स आहे, चेक आणि कॉपी त्याच्या आत, देणं, बंद करणं, भरणं सगळं त्याच्या आत. इंटरप्टमधून आम्ही सेशनला हात लावत नाही, ते खात्री करून घेतलं. दोन्ही जागी उशीर तसाच ठेवून बोर्डवर छत्तीस तास झाले, शून्य.

देवळालीकर सर, हर्ड७ पण चालवलं. मूळचा कोड, मध्ये इफ असलेला, समटाइम्स. फक्त लिहिणाऱ्याला बॅरियर, तरी समटाइम्स. फक्त वाचणाऱ्याला, तरी समटाइम्स. दोन्हीकडं लावल्यावर नेव्हर. ऑफिसात रॅमवर शंका घेणाऱ्या सरांना हे चार आउटपुट शेजारी शेजारी ठेवून दाखवले, ते बराच वेळ दुसऱ्या आउटपुटकडं बघत बसले, मग म्हणाले ही फाइल ड्रायव्हरच्या रेपोमध्येच ठेव, टेस्टबरोबर.

एक राहिलंय, ताई. सही करून देणारा आयओक्टल पण मालक तपासतो आणि तो मात्र सारखा चालतो, प्रत्येक सेन्सरच्या नोंदीला. तिथं सध्या तोच म्युटेक्स लावलाय आणि वेळ मोजली तर आमच्या कामाला काही फरक पडत नाहीये. तसाच ठेवू ना?

---

गोदाकाठची
शनिवार, सकाळी ८:४०

तसाच ठेव. आणि जे गेटवे आधीच स्टोरेजमध्ये लागलेत त्यांच्या चाव्या बदलून घ्या, नुसता ड्रायव्हर अपडेट करून थांबू नका.